पाइनवुड डर्बीची पहिली गाडी: ठोकळा हातात पडल्यापासून शर्यतीच्या दिवसापर्यंत

थंडीच्या दिवसांत कधीतरी मूल कब स्काउट्सच्या, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या स्काउट गटाच्या, मीटिंगहून एक छोटा खोका घेऊन घरी येतं. आत पाइनच्या लाकडाचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि चाकांचे आस म्हणून चार खिळे. सोबत ईमेल: अमुक शनिवारी शाळेच्या कॅफेटेरियात पाइनवुड डर्बी, गाडी तयार करून आणा. अमेरिकेत वाढलेल्या आईबाबांना एवढं पुरतं, कारण त्यांनी लहानपणी हेच केलेलं असतं. पुण्या-नाशकाहून इकडे आलेल्या आपल्यासारख्यांना मात्र सुरुवातच 'म्हणजे नक्की करायचं काय?' इथून करावी लागते. त्यात अपार्टमेंट असेल तर गराज नाही, करवत नाही, ड्रिल नाही. त्या घरांसाठी हे सगळं लिहून काढते आहे. आमच्या घरी यातलं हत्यारांचं खातं माझ्याकडे आहे, त्यामुळे 'हे बाबांचं काम' असं ज्या आयांना वाटतं त्यांनी तर जरूर वाचावं. २०१८ पासून कब स्काउट्समध्ये मुलीही आहेत, तेव्हा हे मुलग्यांचंच काम असाही प्रश्न उरलेला नाही.

थोडक्यात खेळ असा. गाडीला इंजिन नाही, बॅटरी नाही. सुमारे चार फूट उंचीवरून उतरणारा ट्रॅक असतो, पुढे तो सपाट होतो. गाडी आपल्याच वजनाने खाली येते आणि पुढच्या सपाटीवर घरंगळत शेवटची रेषा गाठते. ४०-४२ फुटांच्या ट्रॅकवर हे सगळं तीन सेकंदांच्या आसपास आटोपतं. हा प्रकार सुरू केला कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथल्या 'पॅक २८०सी'चे (पॅक म्हणजे कब स्काउट्सची स्थानिक तुकडी) कबमास्टर, म्हणजे प्रमुख, डॉन मर्फी यांनी. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा सोप बॉक्स डर्बीसाठी लहान पडत होता. ती शर्यत मुलं आत बसून चालवतात अशा मोठ्या गाड्यांची. मग लहान मुलांना घरी बनवता येईल अशी छोटी गाडी त्यांनी शोधून काढली. पहिली शर्यत १५ मे १९५३ला झाली. ठोकळा, चाकं, खिळे हा मसाला आजही तोच आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. नवे पालक सगळा जीव गाडीच्या आकारात ओततात आणि खिळे शेवटच्या रात्री ठोकून मोकळे होतात. वेग असतो तो खिळ्यांत, चाकांत आणि वजन कुठे ठेवलं त्यात. आकार मुलाच्या हौसेसाठी सोडून द्या आणि तुमचा वेळ पायरी ६ आणि ७साठी राखून ठेवा.

१. आधी नियमांचा कागद मिळवा

प्रत्येक पॅकचे नियम थोडे थोडे वेगळे असतात. इंटरनेटवर दिसलेली युक्ती तुमच्या पॅकमध्ये चालेलच असं नाही. कागद आला नसेल तर डेन लीडरला, म्हणजे पॅकमधल्या तुमच्या मुलाच्या छोट्या गटाच्या (डेनच्या) प्रमुखाला, स्पष्ट विचारा. संकोच करू नका, दरवर्षी दहा जण विचारतात. बहुतेक ठिकाणी असणारे नियम हे:

- वजन जास्तीत जास्त ५ औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅम.
- लांबी जास्तीत जास्त ७ इंच, रुंदी चाकांसकट पावणेतीन इंच.
- डाव्या-उजव्या चाकांमध्ये पावणेदोन इंच मोकळी जागा. गाडीच्या पोटाखाली ३/८ इंच, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर.
- चाकं आणि खिळे खोक्यात आलेलेच. स्प्रिंग, बेअरिंग, वॉशर चालत नाहीत.
- वंगण फक्त कोरडं. तेल नाही.
- गाडी याच वर्षी बनवलेली.

पोटाखालची आणि चाकांमधली जागा मोजतात त्याला कारण आहे. ट्रॅकच्या प्रत्येक लेनच्या मधोमध एक उंचवटा असतो आणि गाडी त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून धावते. पोटाला नाणी चिकटवलीत की ती त्यावर घासतात आणि गाडी मध्येच थांबते. दरवर्षी एखाद्याचं तरी हे होतं.

कागदात आणखी तीन गोष्टी शोधा: खिळे वाकवायला परवानगी आहे का, चारही चाकं जमिनीला टेकलीच पाहिजेत का, आणि खिळ्यांसाठी आधीच पाडलेल्या खाचांऐवजी नवीन भोकं पाडलेली चालतात का. ही उत्तरं पुढे लागतील.

२. सामान जमवा

सगळं विकत घ्यायची गरज नाही. बरेच पॅक शर्यतीच्या आधी एखाद्या शनिवारी वर्कशॉप ठेवतात. कुणाच्या तरी गराजमध्ये बँड सॉ आणि ड्रिल प्रेस असतं, तिथे ठोकळा कापून आणि भोकं पाडून मिळतात. ती तारीख चुकवू नका, अपार्टमेंटवाल्यांचं निम्मं काम तिथेच होतं. काही गावांत सार्वजनिक लायब्ररी हत्यारंही वापरायला देते, तेही विचारून पाहा. घरी असावं असं:

- बारीक पात्याची हातकरवत, म्हणजे कोपिंग सॉ, आणि टेबलाला ठोकळा आवळायला क्लॅम्प
- पॉलिश पेपर: लाकडासाठी ८०, १५० आणि २२० नंबर, खिळ्यांसाठी ४००, ६००, १००० आणि २०००
- छोटी चपटी कानस
- ड्रिल, नसेल तर शेजाऱ्याकडून एका संध्याकाळीपुरतं
- ग्रॅम आणि औंस दोन्ही दाखवणारा किचनचा वजनकाटा
- वजन वाढवायला टंगस्टनचे तुकडे किंवा टंगस्टन पुटी (हवी तशी दाबून बसवता येणारा मऊ लगदा)
- लाकडाचा गोंद, सुपरग्लू, मास्किंग टेप
- ॲक्रिलिक रंग
- ग्रॅफाइट पावडरची नळी
- डोळ्यांना लावायचे सेफ्टी ग्लासेस, दोन

काटा बरोबर आहे का हे पाहायची एक सोपी रीत आहे. अमेरिकेतलं क्वार्टर नाणं ५.६७ ग्रॅमचं असतं. पाच क्वार्टर म्हणजे बरोबर एक औंस, पंचवीस क्वार्टर म्हणजे पाच औंस. लॉन्ड्रीसाठी जमवलेल्या नाण्यांतून पंचवीस काढा आणि काट्यावर ठेवा. १४१-१४२च्या आसपास आकडा आला तर काट्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

शिसं वापरू नका. स्वस्त आणि जड असलं तरी विषारी आहे, आणि मूल त्याच हातांनी नंतर चिप्स खाणार. टंगस्टन महाग पडतं, पण शिशापेक्षाही बरंच जड असल्यामुळे कमी जागेत मावतं आणि पुढच्या वर्षी काढून परत वापरता येतं.

३. आकार ठरवा, पण पेन्सिल मुलाच्या हातात द्या

दिवाळीचा किल्ला म्हणायला मुलांचा आणि कोपरापर्यंत चिखल बाबांच्या हाताला, तसं इथेही सर्रास होतं. शर्यतीच्या टेबलावर कुठली गाडी मुलाने केली आणि कुठली एमआयटीतून आल्यासारखी दिसते, हे सगळ्यांना कळतं. कोणी बोलत नाही इतकंच.

ठोकळा कागदावर ठेवून चारी बाजूंनी रेघ मारा. त्या चौकटीत मुलाला गाडी काढू द्या, वरून एकदा आणि बाजूने एकदा. रॉकेट, शार्क, चीजचा तुकडा, काहीही चालतं. माझ्या लेकीला गेल्या वर्षी एसटीची लालपरी हवी होती. आजोळी गेल्यावर त्याच गाडीने ती फिरली होती. बस म्हणजे जवळपास आख्खा ठोकळाच, त्यामुळे कापायचं काम नव्हतं. पण अडचण वजनाची आली. न कापलेला ठोकळाच शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. लाकडागणिक कमी-जास्त होतं, पण चाकं आणि खिळे धरले की मनासारख्या जागी वजन ठेवायला फारसं काही उरत नाही. शेवटी वर्कशॉपमध्ये बसचा पुढचा भाग खालून पोकळ करून घेतला. बाहेरून बस तशीच दिसते आणि आत वजनाला जागा होते. बारीक उतरती गाडी जिकडेतिकडे दिसते त्यामागेही हेच आहे: लाकूड कमी, म्हणून मागे ठेवायला वजन जास्त. हवेचा अडथळा कमी होतो तो वरचा फायदा.

आकार काढताना दोन गोष्टी तुम्ही बघा.

पहिली, नाक. सुरुवातीच्या जागी प्रत्येक गाडी एका उभ्या खुंटीला नाक टेकवून उभी असते. खुंटी खाली पडली की गाडी सुटते. नाकाला मधोमध खाच असेल किंवा नाक फार उंच उचललेलं असेल तर गाडी खुंटीवर नीट टेकत नाही. नाक मध्यभागी सपाट ठेवा.

दुसरी, पुढची बाजू कुठली. ठोकळ्याच्या खालच्या अंगाला खिळ्यांसाठी दोन खाचा असतात आणि त्यांतली एक टोकाच्या जास्त जवळ असते. ती जवळची खाच मागे ठेवा. मागचं वजन मागच्या चाकांच्या जवळ राहतं. ठोकळ्यावर पेन्सिलने 'पुढे' आणि 'मागे' लिहून टाका, कारण कापल्यावर आणि घासल्यावर गोंधळ होतो.

४. खाचा तपासा, मग कापा आणि घासा

कापायच्या आधीच खाचा काटकोनात आहेत का ते गुण्या लावून पाहा. गुण्या नसेल तर पोस्टकार्डाचा कोपराही चालतो. खाच तिरकी असेल तर गाडी जन्मभर एका बाजूला ओढणार. फारच तिरकी असेल तर पॅककडे ठोकळा बदलून मागा. आत्ता मागितला तर हसून देतील, रंग दिल्यावर कोण देणार?

त्याच वेळी चारही खिळे एकदा खाचांत दाबून बाहेर काढा. लाकूड अजून जाड आहे तोवर खाच थोडी मोकळी होते आणि नंतर रंगवलेल्या गाडीची कड फाटत नाही. हातोडीने धाडधाड ठोकायचं नाही. पकडीने गोल फिरवत दाबायचं.

साधारण सात-आठ वर्षांचं मूल क्लॅम्पमध्ये आवळलेला ठोकळा हातकरवतीने कापू शकतं. वेळ लागेल, रेघेच्या बाहेर जाईल, जाऊ द्या. त्याहून लहान मुलांसाठी तुम्ही कापा आणि घासायचं काम त्यांना द्या. विजेवरची हत्यारं कुठल्याही वयाच्या कबच्या हातात नकोत, ती मोठ्यांनीच चालवायची.

घासताना पॉलिश पेपर लाकडाच्या एखाद्या छोट्या तुकड्याला गुंडाळा आणि रेषांच्या दिशेने घासा: आधी ८०, मग १५०, शेवटी २२०. अपार्टमेंटमध्ये हे बाल्कनीत करा, नाहीतर बाथटबमध्ये जुनी चादर अंथरून. बाथटबची कल्पना मुलांना भारी आवडते आणि भुसा गोळा करायलाही सोपं पडतं.

५. वजनाची भोकं आणि रंग

वजनाची भोकं रंगाच्या आधी. तीन अष्टमांश इंच व्यासाचे टंगस्टनचे छोटे दंडगोल मिळतात आणि त्याच मापाच्या ड्रिल बिटने त्यांच्यासाठी भोक पाडता येतं. मागच्या खाचेच्या थोडं पुढे, ठोकळ्याच्या मागच्या बाजूने किंवा पोटातून भोकं पाडा. खाचेला भोक लागू देऊ नका.

वजन मागे का? गाडी उतारावर उभी असते तेव्हा तिची मागची बाजू उंचावर असते. वजन जितकं मागे, तितकं ते वरून सुटतं आणि तितका जास्त उतार त्याला मिळतो. फार मागे नेलं तर पुढची चाकं हलकी होऊन गाडी ट्रॅकवर नाचते. तयार गाडी फूटपट्टीच्या कडेवर आडवी तोलून पाहा. मागच्या खिळ्याच्या पुढे एक इंचाच्या आसपास तोल सापडला की पहिल्या वर्षीसाठी उत्तम. अनुभवी मंडळी पाऊण इंचापर्यंत नेतात.

एकूण वजन पाच औंसांच्या किंचित खाली ठेवा. रंगाचं, गोंदाचं आणि ग्रॅफाइटचंही वजन असतं. शेवटची भर पुटीने करायची, म्हणून एका भोकात थोडी जागा रिकामी सोडा.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, तो मुलांचा प्रांत. खाचांवर मास्किंग टेप लावा, नाहीतर रंग आत गोठतो आणि खिळा बसत नाही. घरात स्प्रे पेंट नको. बाहेर पारा शून्याच्या आसपास असेल तर तिथेही तो नीट बसत नाही, सुरकुत्या पडतात. ॲक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. घाईत जाड थर दिला की दोन दिवसांनीही बोटाचे ठसे उमटतात. आमच्या लालपरीच्या मागे 'एमएच १२' अशी नंबर प्लेट आहे, ती लेकीने टूथपिकने लिहिली. ब्रशने ती जमली नसती.

६. खिळे

आता खरं काम. खोक्यातला खिळा नखाने तपासा. डोक्याच्या लगेच खाली दोन बारीक उंचवटे लागतात आणि डोक्याच्या आतल्या कडेवर साच्याची धार असते. चाक फिरताना नेमकं तिथेच घासतं. हे जसंच्या तसं ठेवून गाडी पळवणं म्हणजे ब्रेक दाबून सायकल चालवणं.

खिळ्याचं टोक ड्रिलमध्ये आवळा, डोकं बाहेर. ड्रिल मोठ्याच्या हातात, वेग कमी, दोघांच्या डोळ्यांवर ग्लासेस, मुलीचे केस बांधलेले. फिरत्या खिळ्यावर कानस अलगद टेकवा आणि डोक्याखालचे उंचवटे काढा. मग कानस तिरकी धरून डोक्याची आतली धार घालवा. एवढं एका खिळ्याला मिनिटभराचं काम आहे. जोर लावू नका, खिळा बारीक झाला तर चाक डुगडुगेल.

पुढे पॉलिश पेपरच्या लांब, अरुंद पट्ट्या. पाण्यात बुडवून आधी ४००, मग ६००, १०००, २०००. पट्टी फिरत्या खिळ्यावर टेकवून पुढे-मागे सरकवायची. मुलाचं काम: पट्ट्या कापणं, भिजवून देणं, तुमच्यासाठी वेळ मोजणं, आणि ड्रिल पूर्ण थांबल्यावर खिळा टिश्यूने पुसून तपासणं. ही तपासणी त्यांना मनापासून आवडते. ४०० नंतर खिळा धुरकट राखाडी दिसतो, ओरखडे गोल गोल. १००० नंतर ते ओरखडे शोधावे लागतात. २००० नंतर दिव्याखाली धरला की खिळ्यावर दिव्याची बारीक उभी रेघ दिसते. रेघ तुटक दिसली तर एक नंबर मागे जायचं. आमच्याकडे 'अजून नाही झालं' म्हणायचा अधिकार लेकीकडे आहे आणि ती तो कंजूषपणे वापरत नाही.

ड्रिल नसेल तर खिळा पकडीत धरून हाताने घासता येतो. वेळ बराच लागतो, पण लहान मूल पूर्ण काम स्वतः करू शकतं हा त्यातला फायदा.

तयार खिळे बोटांनी हाताळू नका, घामाने डाग पडतात. टिश्यूत गुंडाळून ठेवा.

चाकांना फार छळू नका. चाक खिळ्यावर घालून फिरवा आणि बाजूने बघा. वरखाली उडत असेल तर ते चाक ओबडधोबड आहे. चाकं घासून हलकी किंवा पातळ केली तर बहुतेक पॅक गाडी बाद करतात. साच्याची एखादी बारीक शेंडी असेल तेवढी काढा आणि मधलं भोक कोरड्या कापसाच्या काडीने साफ करा.

७. ग्रॅफाइट, जोडणी आणि सरळ धाव

ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतल्या शिशासारखी काळी पूड. ती कार्पेटवर सांडली तर अपार्टमेंटचं डिपॉझिट विसरा. वर्तमानपत्र अंथरा, शक्यतो बाहेर बसा. चाकाच्या भोकात पूड भरा, खिळा घाला, फिरवा, पुन्हा भरा. चाकाची आतली बाजू गाडीच्या अंगाला जिथे घासते तिथेही बोटाने चोळा. प्रत्येक चाक काही मिनिटं असं फिरवत राहिलं की पूड बसते आणि चाक मोकळं होतं. स्वयंपाकघरातलं तेल, शिवणयंत्राचं तेल, काहीही ओलं लावायचं नाही. नियमात बसत नाही आणि ओल्या तेलाला धूळ चिकटून चाक जड होतं.

मग खिळे खाचांत. चाक आणि गाडीच्या मध्ये क्रेडिट कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठेवा. कमी ठेवली तर चाक अडकतं, जास्त ठेवली तर गाडी ट्रॅकवर डावी-उजवी आपटत जाते.

आता गाडी सरळ जाते का ते पाहा. गुळगुळीत फरशीवर किंवा लांब फळीवर आठ फुटांची मास्किंग टेपची रेघ मारा. गाडी रेघेवर ठेवा आणि हलकेच ढकला. टोकाला पोहोचेपर्यंत ती कुठे झुकते? डावीकडे जात असेल तर पुढच्या एखाद्या खिळ्याचं डोकं पकडीने किंचित फिरवा आणि पुन्हा ढकला. कुठलाच खिळा अगदी सरळ नसतो, त्यामुळे जरासा फिरवला तरी चाकाचा कल बदलतो. कंटाळा येईपर्यंत हेच करायचं आणि कंटाळा आल्यावर थोडं आणखी. सरळ धावायला लागली की पोटाच्या बाजूने खाचेत गोंदाचा एक ठिपका द्या. चाकाजवळ गोंद पोहोचला तर संपलं, म्हणून टूथपिकनेच लावा.

तुमच्या पॅकमध्ये एक चाक उचललेलं चालत असेल तर पुढचं एक चाक कागदभर वर बसवा. तीन चाकांवर धावणाऱ्या गाडीला एका चाकाचं घर्षण कमी. खिळा किंचित वाकवून गाडी मुद्दाम मधल्या उंचवट्याला टेकवत नेण्याची युक्तीही प्रसिद्ध आहे, म्हणजे ती दोन्ही बाजूंना आपटत नाही. खरोखर काम करते. पण पहिल्या वर्षी त्यात पडू नका, सरळ धावणारी गाडी निम्म्या गाड्यांच्या पुढे असते.

आणि यानंतर गाडी जमिनीवर खेळायची नाही. मुलाला हे पटणं सगळ्यात कठीण. नवी कोरी गाडी समोर आणि हात लावायचा नाही! गाडी मऊ टॉवेल घातलेल्या बुटांच्या खोक्यात, खोका कपाटावर. धाकटं भावंड असेल तर कपाटही उंच निवडा.

८. तपासणी

बहुतेक ठिकाणी तपासणी आदल्या संध्याकाळी असते, काही ठिकाणी शर्यतीच्या सकाळी. आदल्या संध्याकाळी असेल तर थकवा असला तरी जाच, कारण गाडी नापास झाली तर दुरुस्तीला रात्र मिळते. जाताना सोबत न्या: नियमांचा कागद, नोंदणीचा फॉर्म असेल तर तो भरून, थोडी पुटी, सुपरग्लू, स्क्रू ड्रायव्हर, पकड, पॉलिश पेपरचा तुकडा.

तिथे पॅकच्या काट्यावर वजन होतं आणि तोच काटा अंतिम. तुमच्या घरी ४.९८ आलं आणि तिथे ५.०१ आलं तर वाद घालून उपयोग नाही. पुटीतला चिमूटभर भाग टोकदार वस्तूने काढा. म्हणूनच वजन उपसून काढता येईल असं ठेवायचं. पाच औंसांना चिकटून राहायचं असेल तर घरून थोडी कमी न्या आणि त्यांच्या काट्यावर पुटीने भर घाला, काढण्यापेक्षा घालणं सोपं.

मग मापं बघायला गाडी एका चौकटीत ठेवतात आणि नळीतून पूड घालायची शेवटची संधी तिथेच संपते. ती पास झाली की तुम्ही तिला हात लावायचा नाही.

९. शर्यतीचा दिवस

ट्रॅकला साधारण तीन ते सहा लेन असतात. प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर एकदा धावते, कारण लेन सारख्या नसतात. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत संगणक मोजतो आणि सरासरीवर क्रम लागतो. १९५३च्या त्या पहिल्या ट्रॅकवर शेवटच्या रेषेला दारावरच्या बेल बसवल्या होत्या. आता भिंतीवर प्रोजेक्टर असतो आणि निकाल मुलांच्या आधी आईबाबा वाचतात.

मूल एका फेरीत हरलं तर लगेच समजूत घालायला धावू नका, फेऱ्या बऱ्याच असतात. वेगाखेरीज इतरही बक्षिसं असतात: सगळ्यात मजेशीर, सगळ्यात सुंदर रंगवलेली, डेनमधली निवड, असं काहीतरी. कोणती आहेत ते आधीच विचारून मुलाला सांगून ठेवा. 'पहिला नंबर आला नाही' एवढ्यावर दिवस संपत नाही मग.

बऱ्याच पॅकमध्ये मुलांची शर्यत संपल्यावर मोठ्यांची आणि भावंडांची खुली शर्यत असते आणि तिथे नियम ढिले असतात. एखाद्या बाबांच्या मनात एमआयटीची गाडी दडलेली असेल तर ती इथे आणावी. भारतातून आलेले आजी-आजोबा त्या महिन्यात घरी असतील तर त्यांच्यासाठीही एक खोका मागून घ्या.

एखादं काम अंगावर घ्या, हेही सांगते. गाड्या ट्रॅकच्या खालून वर आणून देणं, नावं पुकारणं, डोनटच्या टेबलावर उभं राहणं. नवीन कुटुंबाला पॅकमधल्या लोकांची ओळख होण्याची याहून सोपी जागा नाही. शिवाय आपल्या मुलांची नावं नीट उच्चारणारा एक माणूस माइकजवळ असला तर सगळ्यांचीच सोय होते.

शर्यत संपल्यावर घाईने गाडी खेळायला देऊ नका. पहिल्या काही नंबरांच्या गाड्या पुढे डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आसपासच्या अनेक पॅकच्या मिळून होणाऱ्या, शर्यतीला जातात. तिथले नियम तुमच्या पॅकपेक्षा वेगळे असू शकतात, तेव्हा तो कागद वेगळा मागून घ्या आणि तोवर खोका कपाटावरच राहू द्या. पुढे जायचं नसेल तर पोटातलं टंगस्टन काढून डब्यात ठेवा, रिकाम्या भोकांत टिश्यू कोंबा आणि गाडी मुलाच्या हवाली करा.